लारीवरची अक्षरे कशी टिपायची?

कोकणातल्या जुन्या नाण्यांचा विषय निघाला की शिवराई, होन, रुपया ही नावे लगेच आठवतात. ‘लारी’ हे नाव मात्र फारसे कोणाच्या ओळखीचे नसते. लारी म्हणजे चांदीची तार मधोमध दुमडून केलेले नाणे. बायका अंबाड्यात खोचतात त्या आकड्यासारखे ते दिसते. अशा लाऱ्यांचा एक साठा रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर तालुक्यात सापडला होता. विजापूरच्या लारीवर जी. पी. टेलर या नाणे-अभ्यासकाचा लेख १९१० साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

इतिहासाच्या शिक्षकांना लारी व्यापाराचा पुरावा म्हणून महत्त्वाची वाटेल. आम्ही ती या लेखासाठी निवडली ती आणखी एका कारणाने. लारी लहान, चकचकीत आणि गोलसर असते आणि तिच्यावर अक्षरे असतात. या चारही गोष्टी एकत्र आल्या की छायाचित्र काढणाऱ्याची कसोटी लागते. अशा वस्तूचे चित्र कसे घ्यावे हा प्रश्न अभ्यासकांनी टप्प्याटप्प्याने सोडवला. त्या इतिहासात प्रकाशाच्या परावर्तनाचा जवळजवळ सगळा धडा येऊन जातो. आणि आज तो धडा घरच्या ओटीवर, साध्या साहित्यात करून पाहता येतो.

तारेचे नाणे

लारीचे नाव दक्षिण इराणमधल्या लार या शहरावरून पडले. इराणी आखातापासून कोकण, मालदीव आणि श्रीलंकेपर्यंतच्या व्यापारात ही नाणी चालत. मालदीवच्या चलनात आजही एका रुफियाचे शंभर ‘लारी’ होतात. कोकणातल्या बंदरांतून होणाऱ्या व्यापारासाठी विजापूरच्या आदिलशाहीनेही लाऱ्या पाडल्या. अली आदिलशाह दुसरा (राज्यकाल १६५६ ते १६७२) याच्या नावाच्या लाऱ्या परिचित आहेत. त्यांवर फारसी लिपीत सुलतानाचे नाव, ‘जर्ब लारी’ (म्हणजे पाडलेली लारी) असा मजकूर आणि हिजरी सन असतो.

लारीचे वजन साधारण पावणेपाच ग्रॅम भरते. एवढ्यावरून विद्यार्थ्यांना एक गणित घालता येईल. चांदीची घनता दर घन सेंटिमीटरला १०.५ ग्रॅम आहे. तेव्हा लारीचे घनफळ सुमारे ०.४५ घन सेंटिमीटर झाले. तार उलगडल्यावर तिची लांबी १० सेंटिमीटर धरली, तर तिचा व्यास किती? उत्तर येते सुमारे २.४ मिलिमीटर. ठोकून थोडी चपटी केली तरी एवढ्याशा रुंदीत अख्खा मजकूर कसा मावणार? तो मावत नाहीच. ठसा तारेपेक्षा रुंद असे, म्हणून प्रत्येक लारीवर मजकुराची एखादी चिंचोळी पट्टीच उमटे. एकीवर नावाचा वरचा भाग, दुसरीवर खालचा, तिसरीवर सनाचे दोनच आकडे. पुष्कळ लाऱ्यांची स्वच्छ चित्रे शेजारी शेजारी ठेवावीत, तेव्हा कुठे पूर्ण मजकूर जुळतो. लारीच्या बाबतीत चित्र हे वाचनाचे साधन ठरते ते असे.

एका आकड्याने काय बिघडते?

शिवाजी महाराजांनी १६६१ च्या कोकण मोहिमेत दाभोळ, संगमेश्वर, राजापूर हा मुलूख घेतला. हिजरी सन १०७१ हा १६६० च्या सप्टेंबरपासून १६६१ च्या ऑगस्टपर्यंतचा. म्हणजे एखाद्या लारीवर १०७१ आहे की १०७७, यावर ती या सत्तांतराच्या सुमाराची की पाच-सहा वर्षांनंतरची हे ठरते. साठा केव्हा पुरला गेला असेल, सत्ता बदलल्यावरही आदिलशाही चांदी इकडे येत होती का, असे प्रश्न त्या एका आकड्याला टांगलेले असतात.

फारसी लेखनात एक म्हणजे उभी रेघ. सात म्हणजे वर उघडलेले पाचर आणि आठ म्हणजे तेच पाचर उलटे. सातच्या दोन तिरक्या रेघांपैकी एक चकाकीत बुडाली, तर उरलेली रेघ एक म्हणून वाचली जाण्याचा धोका असतो. शिवाय लारीची वरची बाजू कोणती हे बघताक्षणी कळत नाही. शेवटचा आकडा सुटाच उमटला असेल आणि चित्र उलटे छापले, तर साताचे आठ होतात. अशा वस्तूचे चित्र ‘छान’ येण्यापेक्षा ते खरे आणि वाचता येण्याजोगे असणे अधिक मोलाचे.

हाताने काढलेली चित्रे

छायाचित्रणापूर्वी नाण्यांची चित्रे हाताने काढत. बनारस व कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूची पारख करणारा अधिकारी जेम्स प्रिन्सेप याने १८३० च्या दशकात शेकडो नाण्यांची चित्रे स्वतः काढली. १८३७ मध्ये त्याने ब्राह्मी लिपीचे कोडे उलगडले, त्यामागे अशा बारीक निरीक्षणाची तालीम होती. डोळ्याने पाहून काढलेल्या चित्राचा एक फायदा असतो. नाणे हातात फिरवता येते. एका कोनात एक अक्षर दिसते, दुसऱ्या कोनात दुसरे, आणि चित्रकार ती सगळी एका चित्रात आणतो. तोटाही त्यातच आहे. लिपी ठाऊक नसेल तर अक्षराची नक्षी होते, आणि ठाऊक असेल तर जे दिसायला हवे असे वाटते ते नकळत काढले जाते. मूळ नाणे पुन्हा पाहिल्याशिवाय वाचकाला पडताळा घेता येत नाही.

कॅमेऱ्यापुढे आरसा

१८३९ मध्ये फ्रान्समध्ये दागेरची छायाचित्रणाची रीत जाहीर झाली. तिच्यात चित्र उमटे ते चांदीचा मुलामा दिलेल्या, आरशासारख्या घोटलेल्या तांब्याच्या पत्र्यावर. गंमत अशी की ते चित्र पाहण्यासाठी पत्रा अशा कोनात धरावा लागे की त्यात समोरच्या काळ्या गोष्टीचे प्रतिबिंब पडेल. पांढरी भिंत समोर आली की चित्र धूसर होई किंवा उलटे, म्हणजे काळ्याचे पांढरे असे, दिसे. चकचकीत वस्तू कशी दिसते हे तिच्यासमोर काय आहे यावर ठरते, हा नियम छायाचित्रणाच्या पहिल्याच पत्र्याने दाखवून दिला.

इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने १८४४ ते १८४६ या काळात छायाचित्रांनी सजलेले एक पुस्तक भागाभागांनी काढले. त्यात फळ्यांवर मांडलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचे एक चित्र आहे आणि काचेच्या वस्तूंचेही एक आहे. भांड्यांच्या चित्राबरोबर टॅल्बटने एक मार्मिक विचार मांडला. हा संग्रह कधी चोरीस गेला, तर हे चित्र न्यायालयात पुरावा म्हणून उभे राहू शकेल. वस्तू गेली तरी तिची साक्ष उरेल, हा विचार नाण्यांच्या बाबतीत किती लागू पडतो ते पुढे येईलच.

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे मुंबईच्या पहिल्या नामांकित हिंदी छायाचित्रकारांपैकी एक. लेणी, शिलालेख, माणसे यांची चित्रे निघू लागली. दगड खडबडीत असतो. त्याच्यावर पडलेला प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो, म्हणून त्याचे चित्र घेणे त्या मानाने सोपे. चांदीचे नाणे मात्र कॅमेऱ्यापुढे आरशासारखे वागते. ऊन एका ठिकाणाहून येते, नाण्यावरून एकाच दिशेला उसळते, आणि चित्रात एक पांढरा डाग व भोवती अंधार एवढेच उरते.

यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाणे-अभ्यासकांनी एक नामी युक्ती रूढ केली. नाण्याचा चित्र-फोटो काढायचाच नाही. मऊ पदार्थात नाण्याचा ठसा घ्यायचा, त्यात प्लॅस्टर ओतून प्रतिकृती करायची आणि त्या पांढऱ्या, मंद पृष्ठाचे छायाचित्र घ्यायचे. उठाव तोच, पण चकाकी नाही. संग्रहालयांच्या जुन्या नाणे-सूच्यांतली कितीतरी चित्रे अशी प्लॅस्टरची आहेत. जीवाश्मांचे अभ्यासक आजही याच तत्त्वाने नमुन्यावर नवसागराचा पातळ पांढरा थर धरवतात आणि मग छायाचित्र काढतात. प्लॅस्टरमध्ये धातूचा रंग, गंज, मुलामा उडालेली जागा यांतले काहीच येत नाही. उठावाचा पुरावा राहतो आणि धातूचा जातो.

जोगलटेंभीचा धडा

१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती. ती क्षत्रप नहपानाची. पण त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. पराभूत राजाचा मुखवटा खाली आणि विजेत्याची चिन्हे वर, अशी दोन राज्ये एका लहानशा चकतीवर आली. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या साठ्याचा अभ्यास मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मांडला. नाण्यांवरचे चेहरे एकमेकांपासून बरेच वेगळे आहेत, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

अशा नाण्यावर खालचा छाप फक्त पुसट चढउतारांत उरतो. तो पाहायचा तर प्रकाश जवळजवळ आडवा, नाण्याच्या पृष्ठाला घासून जाईल असा सोडावा लागतो. मग केसाएवढ्या उठावाचीही सावली पडते. पण आडव्या प्रकाशात जी रेघ प्रकाशाच्या दिशेने धावते तिची सावली पडत नाही आणि ती अदृश्य होते. म्हणून एकाच नाण्याची दोन चित्रे, प्रकाशाची दिशा काटकोनात बदलून, घेणे चांगले.

आणखी एक सापळा आहे. प्रकाश वरून येतो असे आपला मेंदू गृहीत धरतो. चित्रात तो खालून आला असेल तर उठाव खड्ड्यासारखे आणि खड्डे उठावासारखे भासतात. चंद्रावरच्या विवरांचे चित्र उलटे धरून वर्गात हे सहज दाखवता येईल. म्हणूनच नाण्यांच्या चित्रांत प्रकाश वरून, बहुधा वर-डावीकडून, घेण्याचा प्रघात आहे.

चकाकीचे गणित

आता पुन्हा लारीकडे वळू. आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असतात, हे आठवीच्या मुलांनाही माहीत असते. कॅमेरा लारीच्या बरोबर वर आहे असे समजा. तारेचा माथा सपाट आहे, तेथून कॅमेऱ्यात येणारा प्रकाश बरोबर वरून, म्हणजे कॅमेऱ्याच्याच दिशेने आलेला असतो. माथ्यापासून ३० अंश उतरलेल्या जागी पृष्ठ ३० अंशांनी कललेले असते. तेथून कॅमेऱ्यात येणारा प्रकाश मूळ ६० अंशांच्या दिशेने आलेला असला पाहिजे. पृष्ठ जेवढे कलते त्याच्या दुप्पट किरण वळतो.

एकच दिवा लावला, तर तारेवर फक्त एक बारीक उजळ रेघ दिसेल आणि बाकी काळोख. याचे कारण आता स्पष्ट होईल. दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंतचे पृष्ठ उजळायचे असेल, तर प्रकाश दोन्ही बाजूंना ९० अंशांपर्यंत, म्हणजे थेट टेबलापर्यंत, पसरलेला हवा. वरून पाहताना ४५ अंशांपर्यंतचा हा भाग तारेच्या दिसणाऱ्या रुंदीच्या सुमारे ७१ टक्के असतो. ज्या ठिकाणी कॅमेऱ्याचे भिंग आहे तेथून प्रकाश येत नाही, म्हणून माथ्यावर एक काळपट रेघ राहते. ती कॅमेरा दूर नेला की बारीक होते.

मग सगळीकडून पांढरा प्रकाश सोडला की काम झाले का? नाही, आणि हीच या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. सगळीकडे सारखेच पांढरे असेल तर अक्षराच्या कडाही पांढरे परावर्तित करतात आणि सपाट भागही. अक्षर पार्श्वभूमीत विरून जाते. अंधाराइतकाच सर्वत्र सारखा उजेडही आंधळा असतो. अक्षर दिसते ते त्याच्या उतारांना सपाट भागापेक्षा वेगळे काहीतरी ‘दिसते’ म्हणून. तेव्हा पांढऱ्या वेढ्यात कुठेतरी काळी पट्टी ठेवायला हवी. सपाट भागाला पांढरे आणि उतारांना काळे दिसेल अशी ती बसली की अक्षर रेखल्यासारखे उठून येते.

सपाट नाण्यासाठी याचीच एक उलटी रीत आहे. कॅमेरा आणि नाणे यांच्या मध्ये एक साधी काच ४५ अंशांत धरायची आणि बाजूने दिवा लावायचा. काच सुमारे दहावा हिस्सा प्रकाश खाली नाण्यावर पाठवते. नाण्याचे सपाट भाग तो सरळ वर, काचेतून पार, कॅमेऱ्याकडे परत धाडतात. अक्षरांचे उतार तो बाजूला फेकतात आणि काळे दिसतात. कल्पना जुनीच आहे. अठराव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ लिबरक्यून याने सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाभोवती चांदीचा अंतर्गोल आरसा बसवून अपारदर्शक वस्तूंवर भिंगाच्याच बाजूने प्रकाश टाकला होता.

ध्रुवक गाळणीने चकाकी जाते असे काहींना वाटते. काचेच्या बाबतीत ते खरे आहे. काचेवरून योग्य कोनात उसळलेला प्रकाश ध्रुवित होतो, हे मालूसने १८०८ मध्ये पाहिले. धातूवरची चकाकी मात्र अशी ध्रुवित होत नाही, त्यामुळे कॅमेऱ्यावर नुसती गाळणी लावून नाण्याचा डाग जात नाही.

घरी करून पाहू

साहित्य: पुठ्ठ्याचे खोके, बटर पेपर, काळा कागद, एक टेबल-लॅम्प, मोजपट्टी आणि साधा मोबाइल किंवा कॅमेरा. लारी कोणाच्या घरी असण्याचा संभव कमी; पण जुन्या कुलपाची नळीची किल्ली, काचेची बांगडी, स्टीलचा चमचा, दहा रुपयांचे नाणे, घरातली शिवराई यांवर सगळे प्रयोग होतात. किल्लीची नळी लारीच्या जागी उत्तम चालते.

१. आधी चमचा घ्या. त्याच्या पाठीकडे पाहत त्यात खिडकी, छत, स्वतःचा चेहरा शोधा. चमच्याला स्वतःचा उजेड नाही, तो आपल्याला खोलीचे चित्र दाखवतो, हे मुलांना येथेच पटते.

२. बटर पेपर अर्धगोल वाकवून वस्तूवर मांडवासारखा उभा करा. दोन्ही कडा टेबलाला टेकू द्या. वर भिंगापुरते भोक ठेवा. दिवा मांडवाच्या बाहेरून, बाजूने लावा.

३. काळ्या कागदाची बोटभर रुंद पट्टी मांडवाच्या आत निरनिराळ्या जागी धरून पाहा. किल्लीवरची अक्षरे कोणत्या जागी ठळक होतात आणि कोणत्या जागी नाहीशी होतात ते वहीत नोंदवा.

४. मोबाइल वस्तूच्या अगदी जवळ नेऊ नका. वस्तूचा आकार विकृत होतो आणि मोबाइलचेच काळे प्रतिबिंब मोठे पडते. थोडा दूर ठेवून चित्र मोठे करा. पुस्तकांच्या दोन चळतींवर तो टेकवा आणि स्वयंचलित विलंबाने चित्र घ्या, म्हणजे हात हलत नाही.

५. मोजपट्टी वस्तूच्या वरच्या पृष्ठाच्या उंचीवर ठेवा. मोजपट्टीशिवायचे चित्र नोंदीला फारसे उपयोगी नाही.

कोकणातल्या शाळांना आणखी एक मांडव फुकट मिळतो, तो पावसाळी आभाळाचा. ढगाळ दिवशी पडवीत वस्तू ठेवली की आकाशाचा अर्धगोल तिच्यावर सारखा प्रकाश टाकतो, आणि छपराची अंधारी कड काळ्या पट्टीचे काम आपोआप करते. नाणे हळूहळू फिरवत अक्षरे उठतील ती जागा शोधायची.

घासू नका, आटवू नका

छायाचित्र चांगले यावे म्हणून जुने नाणे चिंच, राख किंवा पितांबरीने घासण्याचा मोह होतो. तो आवरायलाच हवा. घासल्याने अक्षरांच्या कडा झिजतात, गंजाच्या थराबरोबर पुरावा निघून जातो, आणि चकाकी वाढल्याने चित्र आणखीच अवघड होते. नाणे कडांनी धरावे, मऊ कापडावर ठेवावे, एवढेच.

चांदीच्या नाण्यांपुढचा मोठा धोका सोनाराच्या मुशीचा. लारी ही नाण्यासारखी दिसतही नाही, तेव्हा ती तारेच्या भावाने मोडीत निघणे किती सोपे! जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. हे मुलांना सांगावे. साठा सापडतो तो बहुधा नांगरताना किंवा पाया खणताना, आणि तेथे पहिल्यांदा पोचणारा शिकलेला माणूस पुष्कळदा गावचा शिक्षकच असतो. सगळी नाणी जागच्या जागी, एकत्र, दोन्ही बाजूंनी, मोजपट्टीसह टिपली तर साठा नंतर विखुरला तरी त्याची साक्ष उरते. टॅल्बटने चिनी मातीच्या भांड्यांविषयी म्हटले तेच हे.

तोवर एक सोपा उपक्रम शाळेत सुरू करता येईल. घरोघरच्या शिवरायांची चित्रे जमवा. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपती’ ही अक्षरे प्रत्येक शिवराईवर वेगळ्या वळणाची असतात, कारण ही नाणी पेशवाईतही पाडली जात होती आणि ठसे पुष्कळ होते. प्रत्येक चित्राखाली वजन, व्यास आणि प्रकाशाची दिशा लिहा. नाणे मालकाला परत करा. अशा पन्नास चित्रांची एक वही झाली की अक्षरांच्या वळणांवरून ठसे वेगळे ओळखता येतात का, हे मुलांना स्वतः तपासता येईल.